मेंढरांची हजेरी

साऱ्या निजाम सरकारच्या मुलखात मेंढरांची रोज हजेरी घेणारा एकच इसम होऊन गेला आणि तो माझा मित्र होता. पेडगावच्या मेंढपाळाच्या घरातला हा मुलगा परभणीच्या शाळेत माझ्या बाकावर बसे. आमचं शिक्षण उर्दूतून, त्यामुळे त्याची मेंढरंही उर्दूतूनच शिकत. त्यानं एकेका मेंढराला वर्गातल्या एकेका मुलाचं नाव दिलं होतं. दिवस कलला की धोतरावर शाळेची लाल टोपी चढवून तो मेंढरं कोंडायच्या वाडग्याच्या तोंडाशी उभा राही, नाव पुकारी, मेंढरू आत ढकली आणि त्याच्या वतीनं आपणच “हाजिर जनाब” म्हणे. एकदा वकिलाच्या मुलाच्या नावाचं मेंढरू हरवलं. दुसऱ्या दिवशी वर्गात खऱ्या वकीलपुत्रानं हजेरी दिली, तेव्हा या पठ्ठ्यानं सुस्कारा सोडला. “सापडला बाबा,” म्हणाला. माझं नाव मात्र त्यानं एका लंगड्या मेंढराला दिलं होतं. मी कुरकुर केली तर म्हणाला, “तू तरी येळेवर कवा येतूस?”

लढाईच्या दिवसांत रॉकेल मिळेना, म्हणून आम्ही दिवसाउजेडी घोकून मॅट्रिक झालो. हैदराबादच्या कॉलेजात दोघांची नावं दाखल झाली. पण त्याचा थोरला भाऊ पलटणीत गेला होता, आणि वडिलांच्यानं मेंढरांमागे फिरणं होत नव्हतं. तो स्टेशनवर आला तो मला पोचवायलाच. “दादा सुट्टीवर येतो म्हणायलाय. त्यो आला की दुसऱ्या दिशी गाडीत बसतो. तवर तिकडं माझं नाव कटू देऊ नको.”

मी कटू दिलं नाही. त्याचं नाव पुकारलं की मान खाली घालून, घसा बसल्यासारखा आवाज काढून मी “हाजिर जनाब” म्हणायचो. खोलीत त्याची खाट रिकामी होती, तिच्यावर मी साधं पुस्तकही ठेवलं नाही. एवढ्या मोठ्या शहरात मला फार एकटं वाटायचं. कित्येक दिवस असे गेले की माझ्या आणि त्याच्या नावानं दिलेल्या हजेरीखेरीज मी तोंडच उघडलं नाही. दिवाळीनंतर एकदा प्रोफेसरांनी नेमकं वर पाहिलं आणि त्याचं नाव कटलं.

सुट्टीत मी थेट वाडग्यावर गेलो. निम्मी मेंढरं पलटणीच्या ठेकेदाराला विकली गेली होती, तरी तो नावं सगळी पुकारत होता. विकलेल्याचं नाव आलं की जरा थांबे, मग “गैरहाजिर” म्हणून पुढे जाई. लंगडं शेवटी आत गेलं.

“लय जण मागत होते ह्येला,” तो म्हणाला. “न्हाई दिलं.” मग टोपी काढून झटकत त्यानं विचारलं, “दादाचं पत्र न्हाई अजून. तिकडं माझी हजेरी चालू हाय नव्हं?”

“हाय की,” मी म्हणालो.

तो खूश झाला. पुढच्या सुट्टीत खरं सांगायचं मी ठरवलं होतं. पण तोवर लढाई संपली, भाऊ आला नाही, आणि माझ्या मित्रानंही मला पुन्हा कधी विचारलं नाही.