शेवाळाचा वैरी

टाकीवाल्याने आयुष्यभर वैर धरलं ते शेवाळाशी. गच्च्यांवरच्या टाक्यांत उतरून तीस वर्षं त्याने ते खरवडलं. आणि आता डॉक्टर तेच त्याच्या पायाला लावायचं म्हणत होते!

शिडीवरून घसरून नडगीला झालेली जखम सहा महिने भरत नव्हती. आता भरली नाही तर पाय गुडघ्याखालून कापावा लागेल, असं त्याला स्पष्ट सांगितलं होतं.

"काका, इथे रक्त नीट पोचत नाही," डॉक्टरीणबाईंनी हिरवट पट्टी दाखवली. "नुसती नवी कातडी लावली तर ती गुदमरेल. म्हणून या पट्टीत पेशींबरोबर बारीक शेवाळ वाढवलंय. दिव्याच्या उजेडात ते प्राणवायू सोडतं."

"आणि आत पसरलं तर?"

"पसरू नये अशी काळजी घेतलीय. पण प्रयोग नवा आहे, म्हणून लक्ष ठेवू."

"पसरू नये म्हणे! पंधरवड्यात अख्खी टाकी हिरवी करतं ते."

बायकोने कोपर मारलं. "अहो, पाय म्हणजे टाकी नाही. सही करा."

त्याने सही केली, पण मनात पाल चुकचुकतच राहिली. उजेड तोडला की शेवाळ मरतं, हा तर त्याच्या धंद्याचा पहिला धडा. नर्सची पाठ वळली की तो पायावर काळं घोंगडं ओढून घ्यायचा.

चौथ्या दिवशी पट्टी उघडली. पिवळीफटक!

"मेलं एकदाचं," तो पुटपुटला.

"मेलं, आणि त्याच्या जिवावर जगणारी कातडीही मेली," डॉक्टरीणबाईंचा चेहरा उतरला. "उजेड कुणी अडवला?"

बायकोने घोंगड्याकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे. "बोला की! एरवी तर तोंडाला खीळ नसते."

"मीच."

"आणखी एकच पट्टी तयार आहे, काका. लावू, की पाय कापायची तारीख ठरवू?"

त्याने घोंगडं घडी करून बायकोकडे सरकवलं.

"लावा. पण मला भिंग हवं. एक हिरवा ठिपका बाहेर दिसला, तर उपटून टाकीन."

मग तो दिव्याखाली पाय पसरून, भिंग घेऊन पहाऱ्याला बसला. बायको चहा द्यायला वाकली की खेकसायचा, "सरक, सावली पडतेय!"

"आता त्याचीच बाजू घेता होय?"

"बाजूबिजू काही नाही. नजर ठेवतोय."

नवव्या दिवशी जखमेच्या कडेला नव्या कातडीची बारीक रेघ उमटली. त्याने ती तीनदा निरखली, मग बायकोच्या हातात भिंग दिलं.

"नीट बघ. गुलाबीच आहे ना?"