दाजींचं तिसरं मॉड्यूल

माझे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, कॉम्प्युटरला शिव्या घालत पोट भरायचे. ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याला, कर्नलला, निरनिराळी उपकरणं ओळखायला लावणारे ड्रायव्हर ते लिहीत. कर्नल बदलला की ते सगळे नव्याने बांधायचे. "रोज संसार मांडा, रोज मोडा," ताई चिडवायची. तेव्हा तिला बोलता येत होतं.

मग तिच्या अंगातली ताकद ओसरत गेली. आधी हात गेले, मग जीभ. उरले डोळे. दाजींनी पलंगासमोर स्क्रीन लावला, त्याला कॅमेरा आणि डोळ्यांवर उजेड टाकणारे बारीक दिवे जोडले, दोन्हींचे ड्रायव्हर स्वतः लिहिले. ताई ज्या अक्षरावर नजर ठेवी ते स्क्रीनवर उमटे. पहिल्याच दिवशी तिने लिहिलं, "तुझा चहा पाणचट असतो." दाजी आठवडाभर हवेत होते.

श्वास कमी पडू लागला तेव्हा डॉक्टर म्हणाले, गळ्यातून नळी घालावी लागेल, पण ते तिने स्वतः लिहून सांगायला हवं, नुसती डोळ्यांची खूण चालणार नाही. ते गुरुवारी पुन्हा येणार होते. नेमका त्याच आठवड्यात दाजींनी नवा कर्नल चढवला. जागा हवी म्हणून जुना पुसला, वर मागच्या बांधणीच्या फायलीही साफ केल्या. या धंद्यातला शहाणा माणूस असं करत नाही. पण झोप उडालेला नवरा करतो.

ताई पुन्हा मुकी झाली. प्रत्येक ड्रायव्हर म्हणजे कर्नलला जोडायचा एक सुटा तुकडा, मॉड्यूल. कॅमेऱ्याचं मॉड्यूल बांधायला दिव्यांचं आधी तयार हवं आणि दिव्यांचं बांधायला कॅमेऱ्याचं. दोघं एकमेकांकडे बोट दाखवून अडून बसली.

"मग इतके दिवस कसं चाललं?" मी वैतागून विचारलं.

"मागची फाईल पडून होती. ती बघून एकाला वाटायचं, दुसरं तयार आहे. सगळं उधारीवर होतं रे."

मला त्यांचा भयंकर राग आला. मी ताईला चमच्याने पाणी पाजत होतो आणि ती नुसती माझ्याकडे बघत होती. दाजींनी दोघांनाही लागणारा भाग सोडवून घेतला आणि त्याचं तिसरं, छोटं मॉड्यूल केलं. ते आधी बांधलं की बाकीच्यांची अडवणूक संपणार होती. बुधवारी दुपारी मी विचारलं, "झालं का?"

"नाही," ते म्हणाले. त्यानंतर त्यांनी एकही शिवी घातली नाही.

गुरुवारी डॉक्टर आले. स्क्रीन काळाच होता. "मग तुम्हीच सांगा," ते दाजींना म्हणाले. "नळी घालायची ना?"

दाजी 'हो' म्हणाले असते तर कुणीही अडवलं नसतं. मी तर नाहीच. मलाही ताई हवी होती. तिची नजर दाजींवर खिळली होती. ते बराच वेळ घुटमळले, मग कीबोर्डशी जाऊन त्यांनी एकच ओळ टाइप केली. लगेच स्क्रीनवर अक्षरं आली.

ताईने लिहिलं, "नको."

डॉक्टरांनी नियमाप्रमाणे पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. दाजींच्या पाठीवर हात ठेवून ते निघून गेले.

ताईची नजर अजून अक्षरांवरून फिरत होती. "कालच झालं होतं ना?"

"हो," दाजी म्हणाले.