दारातलं हिरवं गवत

त्या वर्षी मी आमच्या गावच्या दूध सोसायटीची सचिव होते. ऑफिस म्हणजे पत्र्याची एक खोली, टेबल, माठ आणि भिंतीला टेकलेले दुधाचे कॅन. होळी झाली तरी ऊसतोडीच्या टोळ्या परतल्या नव्हत्या. गावात उरल्या होत्या बाया, म्हातारी माणसं आणि म्हशी. पाणी टँकरचं, आला तर आला.

अशात जिल्ह्याच्या दूध संघाचा निरोप आला. तुमच्या कॅनला वास येतो, धुवायला पाणी नसेल तर केंद्र बंद करतो, दूध तालुक्याला, पाटोद्याला आणून घाला. आठ दिवसांनी संघाचे साहेब बघायला येणार होते. माझं डोकंच फिरलं. पाटोद्याला आणून घाला म्हणे! डोक्यावर किटली घेऊन बाई उन्हातान्हात तिथवर पोचेस्तोवर दूध नासलं असतं. आणि निम्म्या गावाची चूल त्याच दुधावर पेटत होती.

मी मुळातच तापट. तणतणत दारात आले आणि पायाशी बघते तर काय, उंबऱ्याच्या कडेला हिरवंगार गवत! शिवारात काडी नाही, आणि सोसायटीच्या दारात एवढी हिरवाई कुणाच्या पुण्याईची? मग दिवसभर बसून बघितलं, तेव्हा कळलं. आमच्याकडं कुणीही आलं की आधी पाणी. पेला काठोकाठ भरून हातात द्यायचा. माणूस दोन घोट घेणार आणि उरलेलं, मनगटाला झटका देऊन, दाराबाहेर फेकणार. सकाळपासून हेच. कॅन कोरडे आणि गवत ओलं! संताप तर आलाच, पण खरं सांगू, त्याच्यापेक्षा आनंद जास्त झाला. म्हणजे पाणी होतं की! आमच्याच हातानं बाहेर चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी मी अर्धा पेला द्यायला लागले. नेमके पहिले आले सोसायटीचे अध्यक्ष, गावातले सगळ्यात मोठे जमीनदार, संगं दोन पाहुणे. त्यांनी पेल्यात नुसतं बघितलं. हात लावला नाही.

"बाई, आमच्या वाड्यावर कुत्र्यालाबी भांडं भरून ठेवतेत," म्हणाले आणि पाहुण्यांना घेऊन चालते झाले.

आमच्या भागात अर्धा पेला म्हणजे 'उठा आता'. मलाच कुणी दिला असता तर त्याची धडगत नव्हती, आणि माझ्याच हातून हे झालं. संध्याकाळपर्यंत गावभर झालं की सोसायटीची बाई पाण्याला लई चिकट हाय. अध्यक्षांनी तर ऑफिसची पायरीच सोडली.

पण मी कसली ऐकतेय! सकाळी तांब्या काठोकाठ भरून टेबलावर ठेवला आणि शेजारी रिकामा पेला. ज्याचं त्यानं ओतून घ्यायचं. भरला तांब्या समोर असला की मान राहतो, आणि माणूस आपल्या हातानं ओतायला लागला की दोन घोटांपुरतंच ओततो. दुपारीच तळाला जाणारा माठ संध्याकाळी अर्धा भरलेला! मी झाकण काढून येईल त्याला आत वाकून बघायला लावत होते. बायांना वाटलं, हिला ऊन लागलं.

मग मला चेवच चढला. माठात वाचलेल्या पाण्यानं कॅन धुवायला काढले. एका कॅनचं शेवटचं विसळणीचं पाणी दुसऱ्या कॅनला पहिलं वापरायचं. दुधाळ पांढरं पाणी म्हशींना, त्या तर त्यावर तुटून पडायच्या. कॅन घासलेल्या सोड्याच्या पाण्यानं ऑफिसची फरशी पुसायची. बायाही पेटल्या, दूध घालून झालं तरी कॅन घासत थांबायच्या, घरी जाईनात.

साहेब आले, तेव्हा अध्यक्षांना यावंच लागलं. माझ्याकडं न बघता बसले. साहेबांनी एकेका कॅनचं झाकण काढून नाक आत घातलं आणि खुर्चीवर येऊन टेकले. मी भरला तांब्या आणि रिकामे पेले ठेवले. साहेब वाट बघत बसले, कुणी भरून देतंय का. आता हेही उठून गेले तर?

अध्यक्षांनी तांब्या उचलला. आधी स्वतःला दोन घोट ओतले, प्याले आणि पेला टेबलावर पालथा घातला. एक थेंब गळला नाही. मग तांब्या साहेबांच्या पेल्यावर धरला.

"बस म्हणा साहेब, तिथं थांबतो. आमच्यात पाणी बाहेर फेकत न्हाईत."

साहेब लगेच म्हणाले, "बस." पाणी प्याले, आणि जाताना केंद्र चालू ठेवा म्हणून सांगून गेले.

संध्याकाळी बाया किटल्या घेऊन रोजच्यासारख्या रांगेत उभ्या राहिल्या. मी दारात आले. उंबऱ्याकडेचं गवत पार वाळून गेलं होतं. त्या अख्ख्या दुष्काळात काही वाळलेलं बघून मला आनंद झाला, तो तेवढाच.