आत्याचा बंद झालेला प्रश्न

गिऱ्हाइकांची मापं ठेवायला आत्या पंचावन्नाव्या वर्षी प्रोग्रॅमिंग शिकत होती. एक दिवस तिने लॅपटॉप आवरून शिलाई मशीनखाली ठेवून दिला.

"का गं सोडलंस?" मी विचारलं.

"त्या प्रोग्रॅमिंगच्या ऑनलाइन फोरमवर प्रश्न टाकला, 'चालत नाही, मदत करा.' कुठली एरर आली, काय करून पाहिलं, लिहायचं असतं म्हणे. मला काय ठाऊक! एका शहाण्याने सुनावलं, 'आधी डोकं वापरा, मग विचारा.' प्रश्नच बंद केला, आता कुणी उत्तरही देऊ शकत नाही."

"मला विचारायचंस ना!"

"तू कामात असतेस, बाई. आणि बरोबरच होतं त्याचं. माझं डोकं सुईदोऱ्यापुरतंच."

त्या फोरमवर असे अर्धवट प्रश्न बंद करायचं काम माझंच. ते वाक्यही माझंच. मी तिच्या हातातला गिऱ्हाइकाचा फ्रॉक घेतला आणि त्याला बटणं लावू लागले.