तुळजाबाईचा दुसरा बाप्तिस्मा

तुळजाबाई खंडागळेवर मी गेली सोळा वर्षं अधूनमधून चिडत आले आहे. यंदा मात्र तिनं हद्द केली, म्हणून लिहायला बसले.

तुळजाबाई आमच्या मंडळीची बायबलबाई. मिशनच्या काळातलं हे पद. गोरे पाद्री बाप्यांशी बोलायचे, पण घराच्या आत, चुलीपाशी, बायकांशी बोलायला बाईच लागायची. पाद्री गेले, मिशन गेलं, मंठा तालुक्यातल्या खडकपिंपरीत तुळजाबाई तेवढी राहिली. मी जालन्याच्या कॉलेजात इतिहास शिकवायचे. निवृत्त झाले त्या वर्षी आमच्या महिला मंडळानं तिच्यावर 'देखरेख' ठेवायचं काम माझ्या गळ्यात घातलं. महिन्यातून एकदा एसटीनं मंठ्यापर्यंत आणि पुढे काळी-पिवळीत कोंबून घेऊन मी जाते. देखरेख कसली, तीच मला जेवू घालते आणि माझ्या गुडघ्याला तेल लावून देते.

ख्रिस्ती बाईचं हे कसलं नाव, असं आमच्या मंडळीतल्या शहाण्या बायका अजून विचारतात. बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्रीसाहेबांनी तिचं नाव रूथ ठेवायचं ठरवलं होतं. तिची आजी आडवी आली. नवसाच्या पोरीचं नाव बदलू देणार नाही, पाणी घालायचं तर याच नावावर घाला, म्हणाली. साहेबांनी मुकाट्यानं घातलं.

गावात आमची अकरा घरं. पत्र्याचं एका खोलीचं प्रार्थनामंदिर आहे, त्याला दर वर्षी चुना तुळजाबाईच लावते. सकाळी बायका शेतावर जायच्या आत ती दोन-तीन घरं करते. कुणाचं रेशनकार्ड, कुणाच्या सुनेचा अबोला, कुणाच्या पोराचा ताप, सगळं ऐकायचं आणि शेवटी डोळे मिटून प्रार्थना. डोळे अधू झालेत, पण निम्मी स्तोत्रं तिला तोंडपाठ आहेत. पुण्याहून आलेल्या एका पाहुण्यांनी एकदा विचारलं, "इतक्या वर्षांत किती लोकांना वळवलंत?" ती म्हणाली, "वळवायला ती काय बैलं हायेत?" पाहुण्यांनी वहीत काय लिहिलं कोण जाणे.

आता मुद्द्यावर येते.

दिवाळी झाली की अकरातली आठ घरं ऊस तोडायला अंकुशनगरच्या साखर कारखान्याकडे जातात आणि होळीच्या सुमाराला परत येतात. ते चार-पाच महिने आमची मंडळी त्यांच्यासाठी काहीही करत नाही. आमचे पाळकसाहेब फडावर कधी गेले नाहीत. मी तरी कुठे गेले? यंदा तिथं राजानंद नावाचा एक तरुण पास्टर मोटरसायकलवर स्पीकर बांधून येऊ लागला. खोटं कशाला बोलू, पोरगा वाईट नाही. थंडीत पहाटे कोप्यांपाशी, म्हणजे त्यांच्या पाचटाच्या झोपड्यांपाशी, जाऊन सगळ्यांना चहा पाजायचा. आजारी पोरांच्या डोक्यावर हात ठेवून रडायचा. आमच्यातलं कोण कुणासाठी रडलं होतं?

मार्चमध्ये मी गेले तेव्हा तुळजाबाईच्या ओट्यावर वंदना बसलेली. तिशीतली, तोंडाळ, मायाळू बाई. तिची दोन्ही बाळंतपणं तुळजाबाईनं मंठ्याच्या सरकारी दवाखान्यात उशाशी बसून काढली होती.

"प्रेज द लॉर्ड, मॅडम!"

"सलाम," मी म्हटलं. आमच्याकडे सलामच म्हणतात. "हे काय नवीन?"

"तिकडं असंच म्हणत्यात. मावशी, सांगा ना मॅडमला."

"तूच सांग. तुलाच लई जल्दी झालीया," तुळजाबाई शेंगा सोलत म्हणाली.

वंदनानं सांगितलं. पास्टर म्हणतो, शिंपडलेला बाप्तिस्मा हा बाप्तिस्माच नाही. येशू नदीत उतरला होता. डोक्यावर चार थेंब टाकून माणूस नवा होत नसतो. ईस्टरनंतरच्या रविवारी वंदना धरून सात जणी पाण्यात उतरणार होत्या. सातही जणींचा लहानपणी आमच्या मंडळीत बाप्तिस्मा झालेला.

"मावशीनं बी उतरावं, एवढंच म्हणून राह्यले मी."

"आणि नाही उतरली तर?"

वंदना जराशी घुटमळली. "मंग तिची प्रार्थना आमाला लागू कशी व्हईल? आपुन कोरडं, अन् दुसऱ्यासाठी मागायचं. मी न्हाई म्हणत, पास्टर म्हणतो. मावशी उतरली की आमी समद्या हितंच येऊ, बिलकुल कुठं जानार न्हाई."

ती गेल्यावर मी तुळजाबाईला म्हटलं, "उतर. एक डुबकी मार आणि मोकळी हो. देव काय पाण्याची खोली मोजत बसलाय?"

"मोजत न्हाई ना? मंग दुसऱ्यांदा कशापायी?"

"अगं, या बायकांसाठी! तीस वर्षांचं काम आहे तुझं. एका डुबकीनं वाचतंय."

तिनं सूप बाजूला ठेवलं. "बाई, बहात्तर सालचा दुष्काळ तुमी जालन्यात बघितला. मी हितं बघितला. तेरा वर्साची व्हते. हिरीत नुसता चिखल. माय तीन मैलांवरनं दिवसाला एक घागर आनायची. साहेब बाप्तिस्मा द्यायला आल्ते तवा तिनं त्यातलाच तांब्या भरून दिला. आमी बावीस मानसं. साहेबानं बोटं बुडवून बुडवून समद्यांना पुरवलं, बुडाला उरलं ते माझ्या धाकट्या भावाला पाजलं. गाव म्हनलं, दुष्काळी कामावरच्या सुकडीसाठी बाटले. आता या पोरी म्हनत्यात पानी कमी पडलं. पडलंच व्हतं. किती कमी पडलं ते आमालाच ठावं. पर बाप्तिस्मा कमी पडला न्हाई."

वाद हरले की माझा पारा चढतो. घरी येऊन मी पाळकसाहेबांना फोन लावला. म्हटलं, एकदा या, बायकांशी बोला, प्रभुभोजन द्या. त्यातली भाकर मोडायला दीक्षा घेतलेला माणूस लागतो, तुळजाबाईला तो अधिकार नाही. साहेब खडकपिंपरीत शेवटचे गेले ते गेल्या वर्षी, ईस्टरच्या आधीच्या झावळ्यांच्या रविवारी.

"या महिन्यात जागेच्या दाव्याची तारीख आहे हो, बाई. आणि तिथं तुळजाबाई आहेत ना!"

"तिच्याचसाठी या म्हणतेय."

"पुढच्या महिन्यात नक्की बघू."

हे 'बघू' मी सोळा वर्षं ऐकते आहे. फोन आपटायची सोय आता राहिली नाही, नुसतं बोट लावून बंद करावा लागतो.

एप्रिलमध्ये खडकपिंपरीत माणूस बुडेल एवढं पाणी एकाच ठिकाणी असतं, रामरावांच्या शेततळ्यात. मोसंबीसाठी जपून ठेवलेलं. रामराव गावातले जुने बागायतदार, आमच्यातले नव्हेत, पण त्यांनी परवानगी दिली आणि गंमत बघायला स्वतः बांधावर खुर्ची टाकून बसले.

"वहाना काढा रे समदे! पलास्टिक फाटलं तर तुमचा येशू येनार न्हाई जोडायला."

"येईल की, पाटील. सुताराचा पोरगा हाय त्यो," तुळजाबाई म्हणाली. "पलास्टिकचं काम जमंल का, ते मातर ठावं न्हाई."

रामराव खुर्चीवर डुलत हसले. तुळजाबाई काळी छत्री उघडून माझ्या शेजारी उभी होती. फक्त बघायला आले, असं तिनं तीनदा सांगितलं होतं.

ज्यांनी शेततळं पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते: चारी बाजू उतरत्या, त्यावर काळं प्लास्टिक अंथरलेलं, आणि ओलं झालं की ते शेवाळासारखं निसरडं. वर खांबाला दोर बांधून त्याला धरून उतरायचं. पास्टर राजानंद पांढऱ्या कपड्यांत, एका हातात दोर, दुसरा हात आभाळाकडे, अशा थाटात उतरायला लागला आणि तिसऱ्या पावलाला पाठीवर सरकत थेट पाण्यात. ठसकत, नाकातोंडातलं पाणी काढत उभा राहिला तेव्हा छातीपर्यंत बुडालेला होता.

"झाला का ओ तुमचा?" रामरावांनी विचारलं.

सगळे हसले आणि सातही बायका बांधावर बसकण मारून बसल्या. वंदना सगळ्यांत पुढे. "आपल्याला न्हाई जमत बा!" पाण्याची भीती होतीच. पण परक्या माणसानं पाठीला हात लावून निजवायचं, आणि वर सासरा-दीर उभे, ही अडचण कुणी बोलून दाखवत नव्हतं. पास्टर खालून हाका मारत होता. पाव तास गेला. एकीला रडू आलं.

तुळजाबाईनं छत्री मिटून माझ्या हातात दिली. वहाणा काढल्या, पदर खोचला, कासोटा घट्ट केला आणि सहासष्टाव्या वर्षी ती दोराला धरून पाठमोरी खाली उतरली, जन्मभर विहिरीत उतरत असल्यासारखी.

"ये गं वंदने. माझ्या दंडाला धर. नाक दाब. डोळे मीट. मी हाये."

शब्द पास्टरचे आणि हात तुळजाबाईचे. एकामागून एक सातही जणींना तिनं पाठीखाली हात घालून निजवलं आणि उचललं. शेवटची सोनूबाई तिच्याच वयाची, ती वर आल्यावर तुळजाबाईच्या गळ्यातच पडली. मी बांधावरून मनात म्हणत होते, आता तू पण वाक बये. छातीएवढ्या पाण्यात उभीच आहेस, अजून हातभर खाली जा, की संपलं.

"या मावशी, आता तुमी," पास्टर म्हणाला. अगदी मायेनं म्हणाला.

"माझा झालाय, बाबा," ती म्हणाली आणि दोर धरून वर चढायला लागली.

बायकांचा तोवर वर गलका चाललेला, कुणाचं डोकं पुसणं, कुणाची साडी पिळणं. हे बोलणं पास्टरनं ऐकलं, आणि दोराच्या वरच्या टोकाशी उभी होते म्हणून मी ऐकलं. बाकी गावानं एवढंच पाहिलं की तुळजाबाई पाण्यात उतरली आणि डोक्यापासून पायापर्यंत ओली होऊन घरी गेली. सात बायकांनी धडपडून उडवलेलं पाणी होतं ते! संध्याकाळपर्यंत अकराही घरांत झालं की मावशीचाही झाला. पास्टरनं होय म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. पोरगं हुशार आहे.

पुढच्या रविवारी मी मुद्दाम गेले. तशी गर्दी त्या पत्र्याखाली मी कधी पाहिली नव्हती. तीसेक माणसं, बाप्येसुद्धा. जागा नाही म्हणून पोरं खिडकीत. मला मनापासून बरं वाटलं. म्हटलं, देवानं आपणहून वाट काढली, आता फक्त या बाईनं तोंड उघडू नये.

गाणी झाली. वंदना साक्ष द्यायला उभी राहिली. डोळ्यांत पाणी. "प्रभूनं आमची विनंती ऐकली. आमच्या मावशीचा बी खरा बाप्तिस्मा झाला. आता आमी कुठंच जानार न्हाई."

तुळजाबाई उठायला लागली. मी तिच्या पदराला धरून खाली ओढलं. अक्षरशः ओढलं. "गप्प बस," मी कानात म्हटलं, "विचारलंय का तुला कुणी?"

पदर सोडवून घेऊन ती उभी राहिली.

"माझा झाला न्हाई. मी तुमाला धरायला उतरले व्हते. माझा बहात्तर साली झाला, तेवढाच हाये."

कुणी भांडलं नाही. भांडले असते तर मी भांडून घेतलं असतं. वंदना नुसती खाली बसली. "मंग इतके दिस बोलल्या का न्हाई, मावशी?" एवढंच म्हणाली.

"मला आत्ता कळलं, तुमी काय समजून बसलाव ते. कळलं तशी बोलले."

प्रार्थना संपल्यावर माणसं नेहमीसारखी सलाम करून गेली. त्यानंतरच्या रविवारी चार जणी आल्या. वंदनाच्या अंगणात आता स्पीकर आहे, राजानंद दर रविवारी येतो, तिथं जागा पुरत नाही. आमच्या मंदिरापासून ते अंगण पन्नास पावलांवर आहे. पाळकसाहेबांच्या कानावर घातलं तर म्हणाले, चारच माणसं असतील तर केंद्र चालू ठेवायचं की नाही ते कमिटीला बघावं लागेल. म्हणजे बंद करायला यांना वेळ आहे.

मी तुळजाबाईला फैलावर घेतलं. "कशाला बोललीस? खोटं बोलायचं नव्हतंच, नुसतं गप्प राहायचं होतं. तेवढंही जमू नये?"

"दर रविवारी त्यांनी तेच म्हनलं असतं, बाई. अन् दर रविवारी मी मान हलवली असती. तवा मंग माईचा तांब्या कुठं गेला?"

"आणि या बायका कुठं गेल्या?"

ती उठून चुलीकडे गेली. तिला वाईट वाटत नाही असं कुणी समजू नये. गेल्या महिन्यात वंदनाचं पोर तापानं फणफणलं, तेव्हा ही दारापर्यंत जाऊन परत आली, कारण आत पास्टर प्रार्थना करत होता. पायरीवर बसून हिनं आपली केली आणि उठून आली. मला हे सोनूबाईनं सांगितलं. पोर बरं झालं. कुणाच्या प्रार्थनेनं ते मला विचारू नका, मंठ्याच्या डॉक्टरनं सुईपण दिली होती.

काल पुन्हा गेले होते. दहाला दहा मिनिटं असताना तुळजाबाईनं चटई अंथरली. सोनूबाई, तिची सून, दोन म्हाताऱ्या आणि मी. पलीकडे स्पीकर सुरू झाला, हिंदी गाणं, ढोलकी, टाळ्या, वंदनाचा आवाज सगळ्यांच्या वर. गळा फार चांगला आहे तिचा, आमच्या मंदिरात तीच गाणं उचलायची. आमचं पहिलं कडवं आमचं आम्हालाच ऐकू येईना. मी वैतागून पुस्तक मिटलं. म्हटलं, जाऊ दे, त्यांचं होईपर्यंत थांबू.

"दहा वाजले," तुळजाबाई म्हणाली. "पुस्तक उघडा, बाई. अन् जरा मोठ्यानं म्हना, कॉलेजात शिकवायच्या ना तुमी?"