कशावर बसलंय?

"रंग राहू द्या हो! आधी कशावर बसलंय ते सांगा."

फुलपाखराचा फोटो दाखवला की सिंगापुरात बिशानमधले आमचे शेजारी हेच म्हणायचे. बँकेतून रिटायर झालेला माणूस, पण फुलपाखरू ओळखायचा ते झाडावरून. माझा कॉरिडॉरमधला कढीपत्ता अळ्यांनी फस्त केला, तेव्हा मी फवारा घेऊन निघाले होते. तर हे आडवे आले. "वहिनी, फोडणी दोन आठवडे थांबेल." थांबते कसली! दोन आठवडे कढीपत्ता विकत आणला. पण कोषातून फुलपाखरू निघालं तेव्हा पहिली मीच ओरडले, खोटं कशाला सांगू?

बायको गेलेली. एकुलती एक मुलगी जर्मनीत. तिने तिथल्या मुलाशी लग्न केलं आणि हे हट्टाने गेले नाहीत. मग बोलणं जवळजवळ बंद, दिवाळीला एक मेसेज. मला फार राग यायचा त्यांचा.

एका जुलैत मुलीने फोटो पाठवला. काळेकुट्ट, काटेरी सुरवंट. "बाबा, बागेत नुसते भरलेत. काढून टाकू?" फोन दाखवायला हे धावत माझ्या दारात. उत्तर मात्र नेहमीचंच: "कशावर बसलेत?"

नेटलवर. म्हणजे अंगाला लागलं की आग होते, त्या तणावर.

"मग पीकॉक! उपटू नकोस काही."

तेव्हापासून रोज फोन. सुरवंट उलटे टांगले, कोष झाले, ऑगस्टमध्ये फुलपाखरं निघाली. तांबडे पंख, त्यांवर मोरपिसातल्यासारखे चार डोळे.

थंडीत एकदा मी त्यांच्याकडे बसले असताना तिचा फोन आला. स्पीकरवरच होता. "बाबा, शेडमध्ये एक मेलंय."

"मेलं नाही गं, झोपलंय. हात लावू नकोस. मार्चमध्ये उठेल." मग म्हणाले, "तेव्हा मी येऊ का?"

पलीकडे ती रडायला लागली. अलीकडे मी.

सेरंगूनच्या मॉलमधून त्यांनी जाडजूड कोट आणला. भर दुपारी तो घालून कॉरिडॉरमध्ये उभे, घामाने निथळत. "कसा दिसतो, वहिनी?"

"अस्वल दिसताय."

भलतेच खूश झाले.

फेब्रुवारीत झोपेतच गेले. मुलगी आली, घर आवरलं आणि जाताना तेवढा कोट घेऊन गेली.

मार्चमध्ये तिचा फोटो आला. अगदी जवळून काढलेला, पंख पूर्ण उघडलेले, चारही डोळे दिसत होते. "काकू, उठलं!"

मी काय लिहिते आहे हे कळायच्या आत लिहून गेले, "कशावर बसलंय?"

"बाबांच्या कोटावर. मी घातलाय."