दाखवायचा हिटर

उलव्यातल्या आमच्या इमारतीला अजून विजेचं मीटर नाही. कागद पुरे नाहीत म्हणे. जनरेटर दिवसातून दोन तास चालतो, गच्चीवरची पाण्याची टाकी भरतो आणि गप्प होतो. चौथ्या मजल्यावरच्या सत्यभामाकाकींची सून प्रियदर्शिनी बाळ घेऊन घरी येणार होती, आणि बाळंतिणीला रोज कढत पाण्यानं न्हाऊ घालायचंच, असं साताऱ्याच्या काकींचं ठाम म्हणणं. पण पाणी तापवायचं कशावर?

बंब पेटवला तर धूर बाळाच्या नाकातोंडात. शेगडीवर रोज बादली तापवावी तर सिलिंडर परवडायचा नाही. गॅसचा गिझर लावावा तर बाथरूमला खिडकी नाही. "माणूस गुदमरून मरायचं," भैरूकाका म्हणाले. मार्केटात दिवसभर पोती वाहणारा काकींचा हा नवरा बायकोपुढे एवढंच बोलतो.

काकी गच्चीवर गेल्या. तिथे सौर हिटर ऐटीत उभा. पण आत थेंब नाही. टाकीपासून हिटरपर्यंतचा दोन हात पाइपच कुणी जोडला नव्हता. तीन वर्षं आम्ही त्याच्याशेजारी पापड वाळवले आणि एकालाही ते दिसलं नाही. त्यात मीही आले, आणि त्याचा मला अजून राग येतो.

काकींनी दत्तू प्लंबरकडून पाइप जोडून घेतला, खाली नळ बसवला. आठ दिवस प्रियदर्शिनीची अंघोळ त्या पाण्यावर झाली. नवव्या दिवशी इमारतीच्या अडलेल्या कागदांसाठी हिटर तपासायला साहेब आले. नळाखाली बोट धरलं, चटका बसला, "चालू आहे" असं लिहून गेले. सेक्रेटरी दिनानाथ हसत हसत त्यांना गाडीपर्यंत सोडून आले. त्याच संध्याकाळी त्यांनी पाइप काढला आणि गच्चीला कुलूप ठोकलं.

"काकी, टेन्शन घेऊ नका," ते म्हणाले. "पुढच्या तपासणीला परत दाखवायचाय. वापरून बिघडला तर?"

माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला काकींनी समोरच्याच दिनानाथांच्या दारात पाट मांडला, सुनेला बाळासकट त्यावर बसवलं आणि रिकामी बादली पुढे सरकवली.

"आजपास्नं हिची अंघोळ तुमच्या न्हाणीत. पानी तापवा. न्हायतर चावी द्या."

तीन दिवस दिनानाथांच्या घरचा गॅस जळला. चौथ्या दिवशी त्यांनी चावी आणून दिली. पाइप मात्र काकींनी त्यांनाच जोडायला लावला.